नालानीआंटीची पंगत

नालानीआंटी माणूस चेहऱ्यावरून ओळखायची नाही, चालण्यावरून ओळखायची. सव्वीस वर्षं तिने एका चिप कारखान्याच्या क्लीनरूममध्ये काढली होती. तिथे डोक्यापासून टाचेपर्यंत पांढरा झगा, तोंडाला मास्क, हातात मोजे. दिसणार काय, तर चष्म्याआडचे दोन डोळे. "तिथे सगळेच एकसारखे," ती सांगायची. "मग मी पाय वाचायला शिकले. सुपरवायझर कुठल्या मूडमध्ये येतोय, कोणाचं घरी भांडण झालंय, कोणाला दिवस गेलेत, सगळं मला लांबून कळायचं." मला ही बढाई वाटली होती. पुढे आमच्या कंपनीत माणसं कमी करायची लाट आली. एका संध्याकाळी कंपनीच्या शटल बसमधून उतरून मी घरी आलो, ड्राइव्हवेवर चार पावलं टाकली असतील नसतील, तोच आतून आवाज आला, "बॉय, नोकरी गेली की जायचीय?"

जायची होती. आठवडाभराने ती वाचली, ते वेगळं. पण त्या दिवसापासून तिच्या अंगणातून मी जरा जपूनच चालायला लागलो.

मी तिचा भाडेकरू. सनीव्हेलमधल्या तिच्या बैठ्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली होती, स्वतंत्र दाराची. तिथे मी तीन वर्षं राहिलो. खोली बघायला गेलो तेव्हा पगाराच्या स्लिपा, क्रेडिट स्कोअर, कंपनीचं पत्र, सगळं फायलीत लावून नेलं होतं. तिने फाइल उघडलीसुद्धा नाही. दारात उभं राहूनच तिने विचारलं, "आई कुठली? वडील काय करतात? तुझ्या घरचे लोक कुठले?" आपल्याकडे 'कुणाचा रे तू?' म्हणून विचारतात, अगदी तस्सं. मी म्हणालो, नागपूर.

"समुद्रापासून किती लांब?"

"सगळ्या बाजूंनी सारखंच लांब."

तिने माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं, जणू मी अनाथ असल्याचं सांगितलं होतं. म्हणाली, "बिचारा. ये आत. चपला बाहेर काढ."

चपला बाहेर, हा तिचा पहिला नियम. दुसरा, कोणाच्याही घरी रिकाम्या हाताने जायचं नाही. तिसरा, तिच्या घरून कोणी न जेवता जायचं नाही, आणि जेवून गेला तरी डबा बांधून न्यायचा. हे ऐकून मला वाटलं, आपण सनीव्हेलला आलोय की नागपूरच्या धरमपेठेत? तिला तिच्या हवाई बेटांवरच्या रिवाजाप्रमाणे लहानथोर सगळे आंटी म्हणत. पोस्टमनही आंटी म्हणे. आपल्याकडे अख्ख्या गल्लीची मिळून एक मावशी असते, आणि मावशीला काही कोणी अहोजाहो करत नाही. म्हणून मीही इथे 'ती'च लिहितोय. बोलायची अर्थात इंग्रजीतच, पण मला ते आठवतं मात्र मराठीत. असं का, ते मला सांगता येत नाही.

ती मूळची हवाईतल्या हिलो गावची. तरुणपणी नवऱ्याबरोबर इकडे आली, नवरा गेला, ती राहिली. कारखान्यात फुलाला बंदी होती. परागाचा एक कण चिपवर पडला तर हजारोंचं नुकसान. त्यामुळे सव्वीस वर्षं आठवड्यातले पाच दिवस तिच्या कानामागे फूल नव्हतं. रिटायर झाली त्या दिवशी, म्हणे, सहकाऱ्यांनी केक कापला, भाषणं झाली, आणि ही पार्किंगमध्ये येऊन गाडीच्या आरशात बघत कानामागे फूल खोचून दहा मिनिटं नुसती बसून राहिली. त्यानंतर मी तिला फुलाशिवाय कधी पाहिलं नाही. परसात चाफ्याच्या अकरा कुंड्या होत्या. आपला पांढरा देवचाफा असतो ना, तोच. हिवाळ्यात थंडी पडली की त्या अकराही कुंड्या गॅरेजमध्ये हलवायचं काम भाडेकराराच्या बाहेर, पण माझंच.

त्याच गॅरेजमध्ये दर शनिवारी सकाळी नऊ वाजता तिचा हुलाचा क्लास भरे. हुला म्हणजे गवताचा घागरा आणि हलणारी कंबर, एवढीच माझी अक्कल. पहिल्या शनिवारी मी चहा घेऊन खिडकीत बसलो, गंमत बघायला. बघतो तर वीसेक माणसं ड्राइव्हवेवर अनवाणी उभी. नर्सा, इंजिनियर, एक दातांचा डॉक्टर. गॅरेजचं दार बंद. बाहेरून सगळ्यांनी एका सुरात काहीतरी म्हणायला सुरुवात केली. विनवणी होती ती: आम्ही बाहेर उभे आहोत, थंडी आहे, आम्हाला आत घे. आतून काही नाही. पुन्हा म्हटलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा म्हटल्यावर आतून तिचा आवाज आला, उत्तराचा. तो आवाज रोज मला 'बॉय, कचऱ्याचा डबा बाहेर काढ' म्हणणाऱ्या बाईचा नव्हताच. अंगावर काटा आला. मग दार उघडलं आणि ती माणसं खाली मान घालून आत गेली. मी हातातला चहा तसाच थंड करून बसलो होतो.

एकदा त्या दातांच्या डॉक्टरला उशीर झाला. इतरांचं म्हणून झालं होतं, सगळे आत गेले होते, दार पुन्हा बंद झालं होतं. गॅरेजचा रिमोट बाहेर पायरीवर पडलेला त्याला दिसला. त्याने बटण दाबलं आणि दार घरघरत वर जाताच आत शिरला. क्लास थांबला. आंटी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "दार उघडलं. पण तुला आत ये कोणी म्हटलं?" आणि त्याला घरी पाठवलं. मला ते अति वाटलं. शुक्रवारपर्यंत वाटतच होतं. शनिवारी तो डॉक्टर साडेआठलाच येऊन ड्राइव्हवेवर उभा होता, एकटा. त्याने एकट्याने बेसूर आवाजात विनवणी म्हटली, आणि तिने आतून पहिल्याच हाकेला उत्तर दिलं. तो डोळे पुसत आत गेला. तेव्हा कुठे मला कळलं की हा नुसता क्लास नव्हे.

नाचातलं मला काही कळत नाही, पण तिची शिकवणी खिडकीतून ऐकून ऐकून पाठ झाली होती. "पाय सांगतात आपण कुठे आहोत. हात सांगतात कशाबद्दल बोलतोय. हात खोटं बोलला की नाच संपला." कोणी हसरा चेहरा करून नाचलं की ती थांबवायची: "फोटोसाठी हसू नकोस. ज्या डोंगराबद्दल सांगतेयस, त्याच्याकडे बघून हस." आणि मग स्वतः दाखवायची. साठीपलीकडची, जाडजूड, गुडघे दुखणारी बाई. हात वर करायची आणि गॅरेजमध्ये, वॉशिंग मशिनच्या शेजारी, डोंगर उभा राहायचा. हे मी अलंकारिक लिहीत नाही. मी स्वतः एकदा मान वर करून पाहिलं होतं.

एका वर्षी मी मित्रांबरोबर हवाईला फिरून आलो. तिथल्या एका हॉटेलात समुद्रकाठी लुआऊ बघितला होता. म्हणजे तिकडची पारंपरिक मेजवानी: लांबच लांब टेबलं, ढोल, पेटत्या काठ्या फिरवणारे नाचे, प्रत्येकाच्या गळ्यात माळ. मी तिला भरभरून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मुलं छान नाचतात तिथली, म्हणाली. मग विचारलं, "कोणासाठी होता?"

"म्हणजे?"

"लुआऊ कोणासाठी होता? बाळ वर्षाचं झालं होतं? कोणी परत आलं होतं?"

मी म्हणालो, तिकीट काढलेल्या सगळ्यांसाठी. ती हसली. तिच्या मते लुआऊ हा शब्दच मुळात अळूच्या पानाचा. अळूच्या पानात जे काही बांधून शिजवायचं ते कोणासाठी तरी शिजवायचं, नाहीतर ते नुसतं जेवण. दरवर्षी ऑगस्टमध्ये तिच्या परसात लुआऊ व्हायचा आणि दरवर्षी त्याला कारण असायचं. एका वर्षी एका विद्यार्थिनीचं बाळ वर्षाचं झालं म्हणून. एका वर्षी शेजारच्या व्हिएतनामी आजोबांना सिटिझनशिप मिळाली म्हणून. मी राहिलो त्या तिसऱ्या वर्षी मी विचारलं, "यंदा कोणासाठी, आंटी?" तर म्हणाली, "बघू."

त्या 'बघू'चा अर्थ फक्त मला माहीत होता.

त्या वर्षी वसंतात तिच्या उजव्या हाताला एक नवीन सवय लागली होती. टीव्ही बघताना ती तो हात मांडीखाली दाबून बसे. उभी असली की हातात रिकामा का होईना, कप असे. माझ्या लक्षात आलं होतं, पण बायकांच्या हातांबद्दल काय विचारणार? मग एके दिवशी तिने मला तिला डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. ग्रेसला न सांगता. ग्रेस तिची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, पेशाने नर्स, त्यामुळे तिला चुकवणं भाग होतं.

कंपवात निघाला. हात मोकळा असला की थरथरेल, डॉक्टर म्हणाले, कामात गुंतला की पुष्कळांचा थांबतो. बारीकसारीक कामं मात्र जड जातील. पुढचं आत्ताच कोणी सांगू शकत नाही. परतताना एल कमिनो रस्त्यावरच्या लांबलचक सिग्नलला ती म्हणाली, "ऑगस्टमध्ये मी नाचणार. एकटी, सगळ्यांसमोर. जमलं तर क्लास चालू राहील. नाही जमलं तर क्लास ग्रेसचा, घर विकायचं, आणि मी लास वेगासला भावाकडे."

"वेगासला काय आहे तुझं?"

"तिथे म्हातारे हवाईयन एसीत बसून समुद्राच्या आठवणी काढतात. मीही काढेन." मग जरा वेळाने, "खोटं बोलणाऱ्या हातांनी मी शिकवणार नाही, बॉय."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं. तिने सिग्नलकडे बोट दाखवलं. हिरवा झाला होता.

ऑगस्टमध्ये माझे वडील आले. आई ताईच्या बाळंतपणासाठी नागपुरातच अडकलेली, त्यामुळे नाना एकटेच. नाना म्हणजे आमच्याकडच्या एका सार्वजनिक वाचनालयाचे तीस वर्षं कार्यवाह. लुआऊच्या चारच दिवस आधी ते पोचले. झोपेचं चक्र उलटं झाल्यामुळे पहाटे उठून परसात येरझाऱ्या घालत. आंटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असे. दुसऱ्याच दिवशी मला म्हणाली, "तुझे वडील म्हणजे स्टेजवर चढायची सवय असलेला माणूस." मी गार पडलो. नानांना सांगितलं तर ते खूष. "बाई हुशार आहे," म्हणाले. "आणि काऊन रे, इथे टबात अळू लावलंय तिने! पाहिलंस का तू? तीन वर्षं राहून एकदा तरी वड्या केल्यास?"

आंटीने त्या दिवशी ठरवलं की यंदाची मानाची माळ नानांना. सगळ्यात लांबून आलेला, सगळ्यात वडील पाहुणा. अशा माळेला तिकडे लेई म्हणतात. आणि माळ ती स्वतः ओवणार.

लुआऊच्या दिवशी भल्या सकाळी परसातल्या खड्ड्यात दगड तापवले गेले. केळीच्या पानांत गुंडाळलेलं डुक्कर आत ठेवून वरून ओली पोती आणि माती लोटली गेली. नानांसाठी रताळी आणि अळूची पानं वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चुलीवर. सोवळं तिला न सांगता कळलं होतं. पुरुष मंडळी खड्ड्याभोवती, बायका भाताच्या पातेल्यांभोवती, आणि आंटी मागच्या ओसरीवर एकटी, पुढ्यात चाफ्याची टोपली, हातात लांब सुई.

माझी दुसरी खिडकी त्या ओसरीवर उघडे. मी बघायला नको होतं, पण बघितलं. एरवी वीस मिनिटांत माळ ओवणारी ती बाई. फुलाच्या मधोमध सुई जायला हवी, ती बाजूने निघे. फूल फाटे. चाफा फार दाबला की करपल्यासारखा तपकिरी पडतो. तसली फुलं तिच्या पायाशी साठत चालली. मी बाहेर गेलो, म्हणालो, "मी ओवून देतो." तिने वर न बघता मान हलवली. "ही जमली तर ते जमेल," एवढंच म्हणाली. सकाळी सातला बसलेली ती अकराला उठली. माळ झाली होती. कुठे फुलं दाटलेली, कुठे दोरा दिसतोय, आठ-दहा पाकळ्यांवर डाग. तिने ती दोन्ही तळहातांवर धरून पाहिली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली. परीक्षेचा पेपर देऊन वर्गाबाहेर आलेल्या मुलीसारखा तिचा चेहरा झाला होता.

दुपारी पन्नासेक माणसं जमली. खड्डा उघडला गेला. त्यांची प्रार्थना झाली, मातीची, पानांची, धुराची वाफ वर आली. मी शाकाहारी असूनही त्या वासाने मला पोटात कुठेतरी हाक मारल्यासारखं झालं. मग आंटी फिकट पिवळा लांब झगा घालून पुढे आली. नानांना खुर्चीवरून उठवलं, चार शब्द बोलली, त्यांच्या गळ्यात माळ घातली आणि रिवाजाप्रमाणे त्यांच्या गालाचा मुका घेतला.

धरमपेठेतल्या माणसाचा असा मुका भरसभेत कोणी घेतलेला नव्हता. नाना आधीच गांगरले. आणि मग त्यांनी ते केलं, जे तीस वर्षं करत आले होते. नमस्कार केला, फोटो निघेपर्यंत क्षणभर थांबले, आणि माळ झटकन गळ्यातून काढून टेबलावर, बटाट्याच्या सॅलडशेजारी, ठेवून दिली.

आपल्याकडचा हा शिष्टाचारच. हार गळ्यात टिकला की माणूस सुसंस्कृत राहत नाही, पुढारी होतो. नाना तर सत्कारमूर्तीने हार किती सेकंदांत उतरवला त्यावरून त्याची पात्रता ठरवत. पण तिच्या लोकांत दिलेली माळ देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत काढून ठेवणं म्हणजे तोंडावर दार लावणं. हे मला तीन वर्षांपासून माहीत होतं. वडिलांना सांगायचं मात्र सुचलं नाही. चूक शंभर टक्के माझी.

 आंटी त्या माळेकडे बघत राहिली. मग तिने उजवा हात डाव्या हाताने धरला आणि घरात निघून गेली.

पाच मिनिटांनी ग्रेस माझ्याकडे आली.  "आंटी म्हणतेय, आज मी नाचावं. तिचा नाच. का ते सांगत नाही. काय झालंय तिला?"

तिला 'थांब जरा' म्हणून मी नानांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. माळेचं, हाताचं, सकाळच्या चार तासांचं. कोणाला सांगणार नाही, असा आंटीला दिलेला शब्द मोडला मी, पण पर्याय नव्हता. नाना ऐकता ऐकता खाली बसले. "अरे, मग मला आधी सांगायचं नाही का रे, गाढवा?" म्हणाले. मग उठले, टेबलावरची माळ दोन्ही हातांत घेतली, देवाचा प्रसाद घेतात तशी, आणि स्वयंपाकघराकडे चालू लागले. मी मागोमाग, दारापर्यंत.

ती ओट्याला टेकून उभी होती. नानांचं इंग्रजी पुस्तकी, पण खणखणीत. "मॅडम, माझ्याकडून आगळीक झाली. मी क्षमा मागायला आलोय."

"गरज नाही," ती म्हणाली. "वाकडी झाली होती. तुम्ही पाहिलंत, काढलीत. बरोबर केलंत. मलाही ते कळायला हवं होतं."

"वाकडी?" नाना गोंधळले. "मी पाहिलीच नाही. आमच्याकडे हार घेताना मान खाली घालायची असते, मॅडम. हाराकडे बघणारा माणूस हावरट समजतात. आणि तो जो घालून बसून राहतो, त्याला आम्ही पुन्हा बोलावत नाही." मग जरा आवाज उतरवून, "मी तुम्हाला दाखवत होतो, की मी एवढा मोठा माणूस नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती. "आणि आमच्याकडे," ती हसता हसता म्हणाली, "काढून ठेवणारा सांगत असतो की तू एवढी मोठी नाहीस."

नानांनी माळ तिच्यापुढे धरली. "पुन्हा घालाल? आता उतरवणार नाही. आंघोळीलासुद्धा नाही." आणि टोपी काढून मान खाली घातली.

या वेळी तिने हात लपवला नाही, कपही धरला नाही. माळ उचलली. ती हवेत नुसती थरथरत होती. एकदा नानांच्या कानाला अडकली, एकदा चष्म्याच्या काडीला. तिने श्वास घेतला, पुन्हा प्रयत्न केला. नाना मान खाली घालून तसेच उभे. "सावकाश," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "आमचा कुठलाही कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाही." किती वेळ गेला कोण जाणे. माळ गळ्यात पडली. नानांनी आपण होऊन गाल पुढे केला. माझ्या वडिलांना मी असं कधी पाहिलं नव्हतं आणि मला त्यांचा अभिमान वाटला.

ती बाहेर आली. ग्रेसला म्हणाली, "तू ढोल घे."

तो भोपळ्याचा ढोल असतो, जमिनीवर आपटून आणि तळहाताने वाजवायचा. नाच तिच्या आजीने शिकवलेला. एक बाई ओहोटीला समुद्रावर जाते, खडकावरचं खाण्याजोगं शेवाळ वेचते, धुते, घरी आणते. एवढंच. मला धाकधूक त्या वेचण्याची होती. तिथे दोन बोटांत चिमूट धरायची असते, हळुवार, शेवाळाचं मूळ तुटणार नाही अशी. सुईत न जमलेली गोष्ट. ती मध्यभागी उभी राहिली तेव्हा उजवा हात थरथरत होता, आणि सगळ्यांना दिसत होता. ग्रेसने तो पाहिला. नर्सच ती, तिला सगळं कळलं. तरी तिने ढोलावर पहिली थाप मारली.

आंटीचा हात उठला, आणि थांबला. म्हणजे थरथर थांबली.

मी डॉक्टरांचं वाक्य ऐकलं होतं. हात कामात असला की थांबतो, ते मला माहीत होतं. माहीत असणं आणि बघणं यांत फार अंतर आहे. ती बाई पायवाटेने खाली उतरली, आणि सनीव्हेलचं ते कुंपण, बार्बेक्यूची शेगडी, शेजारच्यांची ट्रॅम्पोलिन, सगळं मागे गेलं. पाणी घोट्यापर्यंत आलं. ती वाकली. दोन बोटांची चिमूट खडकाजवळ गेली, आणि पन्नास माणसांनी श्वास रोखला. एक चिमूट. दुसरी. तिसरी. एकही मूळ तुटलं नाही. मी शपथेवर सांगतो, मी ते हिरवं शेवाळ पाहिलं. नाना माझा दंड धरून उभे होते, त्यांची पकड घट्ट होत गेली. माणसाच्या दोन हातांना एवढं येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. देवळात जे वाटायला हवं आणि मला कधीच वाटलं नाही, ते मला त्या परसात वाटलं.

शेवाळ धुऊन झालं, ती घरी परतली. शेवटी दोन्ही हात पुढे पसरून, तळवे खाली, मान झुकवून ती थांबली. ढोल थांबला. त्या शांततेत तिची उजवी करंगळी हलली, मग बोटं, मग सगळा हात थरथरायला लागला. तिने तो खाली घेतला नाही. मान वर करून आधी हाताकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"शनिवारी नऊ वाजता," ती म्हणाली. "सगळ्यांनी. आणि ग्रेस, तू ढोल जरा घाईत वाजवतेस. मी म्हातारी झालेय."

हसणं आणि रडणं एकदमच फुटलं. दातांचा डॉक्टर तर ओक्साबोक्शी. ग्रेस ढोल टाकून पळत गेली आणि तिला घट्ट धरून राहिली. मी नानांना काहीतरी सांगायला वळलो, पण ते खिशात रुमाल शोधत होते.

पुढच्याच महिन्यात मला दूरच्या नोव्हाय शहरात गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली आणि खोली सोडावी लागली. फोन होतात, पण मला ती दिसते ती त्या दुपारचीच. नाचानंतर नारळाच्या दुधाच्या थिजवलेल्या वड्यांची परात आली. ती स्वतः वाढायला निघाली. ग्रेसने चमचा घ्यायला हात पुढे केला, तर तिने नुसतं बघितलं. मग कोणी पुढे झालं नाही. सगळ्यांनी आपापली ताटं धरली आणि वाट पाहिली. चमच्यावर ती पांढरी वडी लदलदा हलत होती. ती प्रत्येकासमोर थांबत होती, हाताला लागेल तेवढा वेळ देत होती, आणि वडी प्रत्येकाच्या ताटात नीट पडत होती.